जुनी स्कूबा टाकी घेण्याआधी तिच्या खांद्यावरचे आकडे कसे वाचावेत

मालवण-तारकर्लीला जाऊन एकदा समुद्राखाली डोकावलं की कोल्हापूरच्या माणसाला स्वतःचं सामान घ्यायची घाई होते. मास्क आणि पायातले पंख झाले की पुढचा विचार स्कूबा टाकीचा, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायला पाठीवर बांधतात त्या हवेच्या टाकीचा. नवी महाग पडते, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं जुनी टाकी घाट चढून वर येते. पुराच्या दिवसांत पंचगंगेत उतरणारी पोरंही अशा टाक्या जमवून ठेवतात. त्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे देण्याआधी टाकीचा खांदा वाचा. भरलेल्या टाकीत दोनशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास दाब असतो, आणि ती तुमच्या पाठीवर असते.

खांदा म्हणजे व्हॉल्व्हच्या खालचा उतरता गोल भाग. उद्यमनगरच्या कारखान्यांत कास्टिंगवर नंबर पंच करतात, तशी इथे अक्षरं धातूत ठोकलेली असतात. असतात ती इंग्रजी लिपीत, मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.

आधी खांदा साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं धुऊन घ्या. ग्राइंडर, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. अक्षरं गेली तर टाकीची ओळखच गेली. कोरडं झाल्यावर पांढरा खडू आडवा घासा आणि वरची पूड बोटानं पुसा. खाचांत खडू राहतो आणि आकडे उठून दिसतात. रंग जाड असेल तर अंधारात टॉर्च अगदी तिरका धरा. मग फोटो काढा, कारण विकणाऱ्यासमोर उभं राहून घाईत वाचलेलं चुकतं.

धातू ओळखायला लोहचुंबक पुरे. चिकटला तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमच्या टाकीचं बूड सपाट असतं. पोलादी टाकीचं बहुधा गोल असतं, म्हणून ती उभी राहायला खाली रबरी बूट घालतात. तो बूट काढून बघा, गंज तिथेच दडून बसतो.

आता मुख्य ओळ. अमेरिकन टाकीवर ‘डीओटी-३एएल३०००’ असं काहीसं दिसेल. डीओटी म्हणजे तिथलं वाहतूक खातं, ३एएल म्हणजे ॲल्युमिनियमचं मानक आणि ३००० हा भरायचा दाब, पीएसआयमध्ये. म्हणजे सुमारे २०७ बार. ‘३एए’ असेल तर पोलाद. डीओटीच्या जागी ‘आयसीसी’ दिसलं तर टाकी त्याहून जुन्या जमान्यातली. ‘एस८०’ हा आकार झाला. ही टाकी सगळीकडे दिसते, आत सुमारे ११.१ लिटर पाणी मावतं आणि रिकामी साधारण १४ किलो भरते.

युरोपियन टाकीवर बारमधले दोन दाब असतात आणि इथे भलेभले फसतात. २३२ आणि ३४८ असे आकडे असले तर २३२ हा भरायचा दाब. ३४८ हा चाचणीचा, त्याच्या दीडपट. मोठा आकडा बघून तेवढी हवा भरायला सांगणारा माणूस मी पाहिलाय. याच टाकीवर लिटरमधलं पाणी आणि किलोमधलं रिकामं वजनही ठोकलेलं असतं. व्हॉल्व्ह काढलेली पोलादी टाकी काट्यावर ठेवा, वजन चांगलंच कमी भरलं तर पोलाद गंजात गेलंय.

तारखेचा मात्र नीट विचार करा. घरच्या गॅसच्या टाकीवर ‘बी-२७’ लिहिलेलं असतं, म्हणजे २०२७ च्या एप्रिल ते जूनमध्ये तिची चाचणी करायची आहे. आपल्याला त्याचीच सवय. स्कूबा टाकीवर ठोकलेली तारीख उलट, चाचणी होऊन गेल्याची. सगळ्यात जुनी तारीख टाकी बनल्याची, पुढच्या हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली केलेल्या चाचणीच्या. अमेरिकेत ही टेस्ट दर ५ वर्षांनी लागते. डावीकडे महिना, उजवीकडे साल आणि मधे चौकोनात चार अक्षरं-आकडे दिसतात. ती टेस्ट करणाऱ्याची खूण, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं वाचायची. पोलादी ३एए टाकीवर तारखेपुढे + असेल तर ठोकलेल्या दाबाहून १० टक्के जास्त भरता येतं, पण शेवटच्या तारखेपुढे + नसेल तर ती सवलत संपली. मानकाच्या अक्षरांवर फुल्या ठोकल्या असतील तर टाकी बाद आहे. मागे फिरा.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे ६३५१ नावाचा मिश्रधातू. या ॲल्युमिनियमच्या टाक्यांना गळ्याच्या आट्यांत सावकाश भेगा जातात आणि काही टाक्या भरतानाच फुटल्या आहेत. टाक्या बनवणाऱ्या लक्सफर कंपनीनं अमेरिकेत १९८८ मध्ये हा धातू सोडून ६०६१ हा दुसरा मिश्रधातू धरला, कॅटलिना कंपनीनं मात्र सुरुवातीपासून ६०६१ च वापरला. ‘६४९८’ हा परवाना क्रमांक दिसला तर ती लक्सफरची जुनी, ६३५१ चीच. अमेरिकेत २००७ पासून अशा टाक्यांची हायड्रोसोबत एडी करंट तपासणी (विजेच्या प्रवाहानं भेगा शोधायची) सक्तीची आहे आणि पास झाल्यावर तारखेजवळ ‘व्हीई’ ठोकतात. आपल्याकडे एवढ्या खटपटीत पडू नका. पहिली तारीख १९९० किंवा त्याआधीची असलेली ॲल्युमिनियम टाकी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आमच्या शेडमध्ये अशीच एक आली होती, पिवळीधमक. विकणारा कौतुकानं सांगत होता, ‘दादा, भट्टीत घालून पावडर कोटिंग केलंय.’ खडू घासल्यावर पहिली तारीख निघाली १९८६ ची. वर भट्टी! पावडर कोटिंगची भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते आणि ॲल्युमिनियम टाकीनं १७७ अंश सोसले की अमेरिकन नियमाप्रमाणे ती बादच. एवढ्या उष्णतेत धातूची ताकद जाते, वरून काही कळत नाही. म्हणून ताजा चकचकीत रंग दिसला की तो कसा चढवला हे आधी विचारा.

खांदा चांगला निघाला तरी एक काम राहतं. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू आहेत. टाकी मुख्य विस्फोटक नियंत्रकांनी मान्य केलेल्या प्रकारची नसेल, तर ती भरता येत नाही आणि भरलेली बाळगताही येत नाही. त्यांचं कार्यालय, म्हणजे पेसो, नागपूरला आहे. परदेशी शिक्क्याची टाकी असेल तर आयातीची कागदं विकणाऱ्याकडून आधी मागा, आणि टाकी जिथे भरणार तिथे खांद्याचा फोटो पाठवून ते भरतील का ते विचारा. नाही म्हणाले तर सौदा तिथेच थांबवा.

त्या पिवळ्या टाकीचा व्हॉल्व्ह आम्ही हळूहळू उघडला, हवा पूर्ण निघू दिली, मगच तो खोलला. दाब असताना व्हॉल्व्हला पाना लावायचा नाही. नंतर हॅकसॉ मशीनवर तिचे दोन तुकडे केले, म्हणजे भंगारातून ती पुन्हा कुणाच्या पाठीवर जाणार नाही. खांद्याचा तुकडा फळीवर ठेवलाय. डायव्हिंग शिकायला नवं पोरगं आलं की आधी त्याच्या हातात तो आणि खडू देतो.