खान्देशातील व्यवसायासाठी सर्व्हर निवडताना: ऊन, धूळ, वीज आणि उंचावरची शाखा

सर्व्हर घ्यायचा ठरला की बहुतेक मालक पहिला प्रश्न प्रोसेसरचा विचारतात आणि विक्रेताही तिथूनच बोलायला सुरुवात करतो. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात मात्र निवडीची सुरुवात सर्व्हर जिथे ठेवायचा त्या खोलीपासून व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे. पतसंस्था, डाळमिल, जिनिंग, सराफी पेढी किंवा मध्यम आकाराचे रुग्णालय, यांपैकी कोणाच्याही कामाला आजचा साधा एक-प्रोसेसरचा सर्व्हर सहसा अपुरा पडत नाही. त्याला त्रास होतो तो उष्णतेचा, धुळीचा आणि विजेच्या चढउतारांचा.

भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बाजारात मिळणारे बहुतेक सर्व्हर १० ते ३५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत चालण्यासाठी बनवलेले असतात. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वर्गवारीत त्यांना ए-२ म्हणतात; ए-३ वर्गाची कमाल मर्यादा ४० अंश आणि ए-४ ची ४५ अंश आहे. सततच्या वापरासाठी याच संस्थेने सुचवलेले तापमान मात्र १८ ते २७ अंश आहे. हे तापमान खोलीच्या भिंतीवरचे नसून सर्व्हरच्या पुढच्या जाळीतून आत जाणाऱ्या हवेचे असते. त्यामुळे खरेदीपूर्वी एक साधा डिजिटल थर्मामीटर नियोजित जागी, सर्व्हरच्या उंचीवर ठेवावा आणि उन्हाळ्यात दुपारी चारच्या सुमारास व रात्री कार्यालय बंद असताना अशा दोन्ही वेळा नोंद घ्यावी. रात्रीची नोंद बहुतेक जण विसरतात. कर्मचारी घरी जाताना एसी बंद करतात, सर्व्हर मात्र चालूच असतो आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर खोलीत उष्णता सोडत राहतो.

ए-३ किंवा ए-४ लिहिलेला सर्व्हर घेतला म्हणजे एसीची गरज संपली, असेही नाही. डेटाशीटच्या, म्हणजे उत्पादकाच्या तांत्रिक माहितीपत्रकाच्या, तळटीपा वाचल्या तर दिसते की ही वरची मर्यादा अनेकदा कमी वॅटचे प्रोसेसर आणि मोजक्या डिस्क असलेल्या रचनेलाच लागू असते. विक्रेत्याकडून आपल्या नेमक्या रचनेसाठी लागू होणारी तापमानमर्यादा लेखी मागावी. मी स्वतः आपल्याकडे कमी वॅटचा प्रोसेसर सुचवतो, कारण सर्व्हर जेवढे वॅट खातो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. सतत ४०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षाला सुमारे ३,५०० युनिट वीज वापरतो आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी एसीची वीज वेगळी लागते.

एक टनाचा एसी कागदावर सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे एका सर्व्हरसाठी तो पुरेसा वाटतो. पण एसीची ही क्षमता साधारणतः बाहेरची हवा ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेर ४६ अंश असताना, आणि बाहेरचे युनिट पश्चिमेच्या उन्हात गच्चीवर ठेवलेले असताना, ती बरीच घटते. म्हणून एक मोठा एसी घेण्याऐवजी दोन लहान एसी घेऊन ते आलटून पालटून चालवावेत, त्यांना वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असावी आणि उच्च तापमानासाठीची, म्हणजे टी-३ नावाने ओळखली जाणारी, क्षमता डेटाशीटमध्ये पाहून घ्यावी. घरोघरी असणारा पाण्याचा कूलर या खोलीत कधीही लावू नये. त्याची दमट हवा आणि तिच्याबरोबर उडणारे क्षारयुक्त तुषार सर्किटवर बसतात आणि कालांतराने धातू गंजवतात.

धुळीचे स्वरूप व्यवसायागणिक बदलते. जिनिंगच्या आवारातील सर्व्हरची पुढची जाळी काढली की रुईच्या तंतूंचा पांढरा थर बोटाने सोलून निघतो आणि आतल्या, प्रोसेसरची उष्णता शोषून घेणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्येही तोच थर घट्ट बसलेला असतो. पंखे पूर्ण वेगाने घोंघावत असतात, तरी हवा पुढे सरकत नाही. डाळमिलमध्ये टरफलांची बारीक भुकटी असते आणि नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या हंगामात तिची पूड हवेत असते. अशा ठिकाणी टेबलाखाली ठेवायच्या टॉवर सर्व्हरपेक्षा धुता येणारे फिल्टर असलेले बंद रॅक श्रेयस्कर ठरते. मात्र फिल्टरमुळे हवेचा प्रवाह कमी होतो, म्हणून तो हंगामात आठवड्याला धुतला जाईल अशी जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी टाकावी.

विजेसाठी सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असावेत, एक निकामी झाल्यास दुसरा चालू सर्व्हरला सांभाळेल असे, आणि शक्य असल्यास दोन्ही वेगवेगळ्या यूपीएसवर जोडावेत. यूपीएस ऑनलाइन म्हणजे डबल कन्व्हर्जन प्रकारचा, येणारी वीज सतत स्वच्छ करून पुढे देणारा, घ्यावा. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर चालवू नये. बॅटरी २५ अंशांच्या हिशेबाने विकली जाते आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, त्यामुळे जिन्याखाली कोंडलेल्या बॅटऱ्या लवकर बसतात यात नवल नाही. यूपीएस चार तास टिकेल एवढ्या बॅटऱ्या लावण्याचा आग्रह काही जण धरतात, पण वीज गेल्यावर एसी बंद आणि सर्व्हर चालू, अशी स्थिती चार तास राहिली तर खोली तापून सर्व्हर स्वतःच बंद होईल. त्यापेक्षा यूपीएस अर्ध्या तासाचा ठेवून एसीसह भार घेणारा जनरेटर ठेवणे योग्य. अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे. आपली काळी माती पावसाळ्यात उत्तम वाहक असते, पण उन्हाळ्यात ती भेगाळून इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करून घ्यावी. वळवाच्या पावसातील विजांसाठी मुख्य बोर्डावर सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारे उपकरण, बसवून घ्यावे.

आता उंचीचा मुद्दा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आणि धुळे सुमारे २५० मीटरवर आहे, त्यामुळे इथे उंचीचा प्रश्न येत नाही. पण जळगावच्या एखाद्या उद्योगाने कडधान्याच्या खरेदीसाठी इथिओपियातील अदिस अबाबा येथे किंवा ठिबक संचांच्या विक्रीसाठी काठमांडूला कार्यालय थाटले, तर तीच डेटाशीट वेगळ्या नजरेने वाचावी लागते. उंचावर हवा विरळ असते आणि तोच पंखा त्याच वेगाने फिरूनही कमी उष्णता वाहून नेतो. ए-२ वर्गाच्या सर्व्हरची कमाल तापमानमर्यादा ९०० मीटरच्या वर दर ३०० मीटरला एक अंशाने कमी होते. काठमांडूची उंची सुमारे १,४०० मीटर आहे, म्हणजे मर्यादा ३५ वरून साधारण ३३ अंशांवर येते. अदिस अबाबा सुमारे २,३५० मीटरवर आहे, तिथे ती ३० अंशांच्या आसपास येते. अदिस अबाबाची हवा मुळात थंड असल्याने हे चालून जाते, परंतु बंद कपाटात सर्व्हर ठेवण्याची मुभा तिथे उरत नाही. ए-३ आणि ए-४ वर्गांची मर्यादा उंचीबरोबर याहून वेगाने उतरते, म्हणून अधिक किमतीच्या वर्गाचा लाभ उंचावर घटत जातो.

या वर्गांची उंचीची कमाल मर्यादा ३,०५० मीटर आहे. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कही साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत चालवण्यासाठी बनवलेल्या असतात, कारण तबकडीवर माहिती वाचणारे-लिहिणारे हेड तरंगते ते हवेच्या पातळ थरावर. लेह किंवा बोलिव्हियातील ला पाझसारख्या साडेतीन हजार मीटरच्या घरातील ठिकाणी केवळ एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या चिपच्या डिस्क, घ्याव्यात आणि सर्व्हरबद्दल उत्पादकाची लेखी संमती घ्यावी. उंचावर अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे मेमरीतील बिट उलटण्याचे प्रमाणही वाढते, त्यामुळे अशा चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी तिथे अनिवार्य समजावी. माझ्या मते ती इथेही अनिवार्यच आहे. यूपीएसची क्षमता बहुधा १,००० मीटरपर्यंतच पूर्ण धरलेली असते आणि डिझेल जनरेटरची ताकदही विरळ हवेत घटते, म्हणून दोन्ही एक आकार मोठे घ्यावेत. अशा देशात सुटा भाग सीमाशुल्कातून सुटायला वेळ लागतो. एक पॉवर सप्लाय, दोन डिस्क आणि पंख्यांचा एक संच सर्व्हरबरोबरच पाठवून ठेवावा.

यंत्राच्या आतल्या निवडीत दोन गोष्टींवर पैसे वाचवू नयेत. पहिली, वीज अचानक गेल्यास अर्धवट लिहिलेली माहिती सांभाळणाऱ्या, म्हणजे पॉवर-लॉस प्रोटेक्शन असलेल्या एंटरप्राइझ एसएसडी. लॅपटॉपची एसएसडी रेडमध्ये, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी माहिती शाबूत राहावी यासाठी केलेल्या अनेक डिस्कच्या जोडणीत, घालून देणाऱ्या विक्रेत्याला नकार द्यावा. दुसरी, डेलच्या सर्व्हरमधील आयड्रॅक किंवा एचपीईच्या सर्व्हरमधील आयलो यांसारखी दूरस्थ देखरेखीची सोय, जिच्यामुळे तापमान, पंखा आणि डिस्कची सूचना पुण्यात बसलेल्या अभियंत्यालाही मिळते. कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या गाभ्यांची, संख्या मात्र आटोक्यात ठेवावी. विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरवर आकारला जातो आणि त्यासाठी किमान १६ कोअर मोजले जातात, त्यामुळे ३२ कोअरचा प्रोसेसर घेतल्यास परवान्याचा खर्च दुप्पट होतो आणि टॅलीला त्याचा फारसा उपयोग होत नाही. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कंपन्यांच्या हिशेबांबाबत २०२२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. परदेशात शाखा असलेल्या कंपनीने हे आधीच नियोजनात धरावे.

ब्रँड निवडताना ‘दुसऱ्या कामकाजी दिवशी सेवा’ या शब्दांवर विसंबू नये. तुमच्या पिनकोडवर ती सेवा मिळते का, सुटा भाग नाशिकहून येणार की मुंबईहून आणि शहाद्याला किंवा अक्कलकुव्याला अभियंता प्रत्यक्ष येतो का, हे कोटेशनवरच लिहून घ्यावे. वॉरंटी पाच वर्षांची घ्यावी आणि ती उत्पादकाच्या संकेतस्थळावर सिरियल क्रमांक टाकून स्वतः पडताळावी.

सर्व्हर आल्यावर शेवटचा हप्ता लगेच देऊ नये. रात्रभर मेमरी चाचणी चालवावी, चालू सर्व्हरची एक पॉवर केबल काढून पाहावी, विक्रेत्याच्या उपस्थितीत एक डिस्क बाहेर काढून रेड पुन्हा उभी राहायला किती तास लागतात ते नोंदवावे, बॅकअपमधून एक जुनी खातेवही परत आणून उघडावी आणि शक्य असल्यास एसी बंद ठेवून, आत जाणाऱ्या हवेचे तापमान किती मिनिटांत ३५ अंशांवर पोहोचते, ते थर्मामीटरवर पाहून घ्यावे. वीज गेल्यावर सर्व्हर किती मिनिटांनी सुरक्षितपणे बंद करायचा, ही यूपीएसमधील नोंद त्याच आकड्यावरून ठरवावी.