रिमॅपआधीचा आकडा घेतलात का?

गाडी रिमॅपला (म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग्ज बदलून ताकद वाढवायला) देण्याआधी एकदा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर, चढवाच. माहितीपत्रकातल्या आकड्याशी तुलना करून उपयोग नाही. तो इंजिनाचा असतो, डायनो चाकांपर्यंत पोचलेली ताकद मोजतो.

रिमॅपआधी आणि नंतर, दोन्ही वेळी डायनो तोच, गिअर तोच, पेट्रोल तेच, टायरमध्ये हवा तेवढीच. निदान तीन-तीन रन (मोजणीच्या फेऱ्या) घ्या. आणि जागा अजिबात बदलू नका! बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. तिथे हवेचा दाब पणजीपेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी. आधीचं माप तिथलं आणि नंतरचं चोर्ला घाट उतरून घेतलेलं असेल, तर कच्च्या (हवामानाचा हिशेब न धरलेल्या) आकड्यांत बिनटर्बोची गाडी काही न करताच ताकदवान दिसेल.

आपल्याकडची मे महिन्यातली दुपारही आकडा खाते. ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातली माहिती मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत राहा. पहिल्या रनला ४० अंश आणि तिसऱ्याला ५५ दिसले, तर बॉनेट उघडून, पंखा लावून इंजिन थंड होऊ द्या. करेक्शन फॅक्टर (हवेचा दाब-तापमान धरून आकडा सुधारणारा गुणक) दोन्ही कागदांवर एकाच पद्धतीचा आहे ना, तेही विचारा.

कमाल ताकदीपेक्षा मी २,००० ते ३,५०० आरपीएममधला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आलेख आधी बघतो. म्हापशाच्या रहदारीत इंजिन तिथेच फिरत असतं.