मासळीच्या खणाचं झाकण फायबरमध्ये थर देऊन कसं करायचं, आणि कुठला थर कुठे का

आमच्या देवगडकडे माड पडला की त्याचे वासे काढतात, ते सगळे बाहेरच्या भागातले. मधला गाभा मऊ, भुसभुशीत, तो कुणी घेत नाही. पण उभ्या माडात कडक भाग संपला आणि मऊ भाग सुरू झाला अशी रेघ तुम्हाला कुठे सापडणार नाही, घट्टपणा हळूहळू कमी होत आत जातो. कळकाचंही तसंच, बाहेरच्या सालीकडे धागे दाट आणि आत विरळ, म्हणून वाऱ्यात एवढा वाकतो तरी त्याचे थर सुटत नाहीत. फायबरचं, म्हणजे रेझिन या चिकट द्रवात काचेचे धागे बसवून घट्ट केलेलं, झाकण करताना मी हेच डोक्यात ठेवतो, कारण फायबरची जी झाकणं लवकर जातात ती बहुतेक दोन थरांच्या सांध्यावर जातात, मटेरियल खराब म्हणून नाही.

होडीवर बर्फात मासळी ठेवतात त्या खणाच्या झाकणाला काय सोसावं लागतं बघा. वरून मे महिन्याचं ऊन, पाय ठेवता येत नाही इतकं तापलेलं, त्यावर खारं पाणी, त्यावर खलाशी जाळं ओढताना टाच आपटणार, आणि खालच्या बाजूला बर्फ. हे सगळं पाच-सहा सेंटीमीटर जाडीत. एकच मटेरियल हे करू शकत नाही. वर कडक पाहिजे, मध्ये हलकं आणि गारवा धरणारं, खाली गुळगुळीत, धुवायला सोपं.

मी पहिलं झाकण केलं तेव्हा मधे थर्माकोल घातला होता. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन असतं आणि ते थर्माकोल विरघळवतं, सकाळी बघतो तर आत पोकळी. दुसऱ्या वेळी पीयू फोम घेतला, तो विरघळत नाही, पण सगळ्यात हलका घेतला आणि त्यावर थेट फायबरची पातळ कडक कातडी. दोन महिन्यांत टाचेच्या जागी बारीक भेगा, आत पाणी, आणि झाकण इतकं जड झालं की एकट्याला उचलेना. तांडेल काकांनी विचारलं, "बाबा, वरचो फायबर कडक हा, मगे फुटता कशाक?" उत्तर हेच की कडक कातडी खाली वाकते, खालचा फोम आधार न देता चेपतो, आणि मग जिथे दोघं चिकटलेत तिथे ओढ पडून ते सुटतात.

यावरचा मोठा विचार जपानात झालाय. १९८४ साली सेंडाईकडच्या शास्त्रज्ञांना अंतराळ विमानासाठी असं मटेरियल हवं होतं की एका बाजूला सुमारे २००० केल्विन तापमान आणि १० मिलिमीटरपेक्षा कमी जाडीत १००० केल्विनचा फरक. सिरॅमिक थेट धातूवर बसवलं तर तापल्यावर दोघं वेगवेगळं फुगतात आणि सांधा तडकतो. म्हणून त्यांनी एका बाजूला सिरॅमिक, दुसऱ्या बाजूला धातू आणि मधे दोघांचं प्रमाण हळूहळू बदलत नेलं. आपल्याला तेवढं बारीक जमणार नाही, पण पायऱ्या पाडता येतात, आणि झाकणाला पायऱ्या पुरतात.

आता काम. साधारण दोन फूट बाय दोन फूट झाकण धरतो. साचा म्हणून सनमायका लावलेला सपाट प्लाय चालतो. वॅक्सचे चार हात द्यायचे, प्रत्येक हात सुकवून पुसायचा, मग पीव्हीए, म्हणजे झाकण साच्यातून सुटावं म्हणून लावायचं पातळ द्रावण. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. काम मार्च-एप्रिलमध्ये सकाळी लवकर करा. पावसात हवेतला दमटपणा रेझिनला मानवत नाही, आणि मेच्या दुपारी डबा हातातच गोठतो. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन, गार हवेत दोन टक्के, उकाड्यात एक टक्का, वजनाने, अंदाजाने नाही. एक किलोला दहा ते वीस ग्रॅम होतात, छोटा वजनकाटा ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. दुकानातून कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन घ्या म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावाच, आणि गेलाच तर पंधरा मिनिटं पाण्याने धूत राहायचं आणि तसंच डॉक्टरकडे. हार्डनर घातलेलं उरलेलं रेझिन डब्यात ठेवलं की ते स्वतःच तापून धूर सोडतं, म्हणून पत्र्यावर पातळ पसरून टाका.

साच्यावर जो थर पहिला जातो तो झाकणाची वरची बाजू होणार, हे लक्षात ठेवून उलट्या क्रमाने चालायचं. पहिला गेलकोट, म्हणजे बाहेर दिसणारा रंगीत रेझिनचा थर, आयसो-एनपीजी प्रकारचा मागून घ्या, साध्यापेक्षा महाग आहे पण ऊन आणि खारं पाणी त्याला कमी लागतं. जाडी अर्धा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चौरस मीटरला साधारण ६०० ग्रॅम. फार पातळ झाला तर वरचं रेझिन त्याला सुरकुत्या पाडतं, फार जाड झाला तर तडकतो. बोट लावल्यावर चिकट लागलं पाहिजे पण रंग बोटाला येता कामा नये, तेव्हा पुढचा थर.

पुढचा थर बरेच जण गाळतात, आणि इथेच खरी मेख आहे. गेलकोटमध्ये काच नाही, नुसतं रेझिन. त्यावर थेट जाड रोव्हिंग, म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, दिलं तर विणीचा छाप वर उमटतो आणि वीण जिथे एकमेकांवर चढते तिथे हवेचे बुडबुडे राहतात, पुढे पाणी तिथेच शिरून फोड येतात. म्हणून आधी सरफेस टिश्यू, काचेचा अगदी पातळ कागदासारखा थर, चौरस मीटरला ३० ग्रॅमचा, त्यात बहुतेक रेझिनच असतं आणि काच नावाला. मग ३०० ची मॅट (काचेच्या तुटक धाग्यांची न विणलेली चटई), मग ४५० ची मॅट, मग ६०० चं रोव्हिंग, हे आकडेही चौरस मीटरला ग्रॅमचेच. मॅटला काचेच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण जेवढी काच तेवढंच. म्हणजे आत जाताना काच वाढत गेली आणि रेझिन कमी होत गेलं, सगळ्यात ताकदवान थर कातडीच्या आतल्या बाजूला आला, पाण्यापासून लांब. प्रत्येक थरावर लोखंडी रोलर फिरवायचा, पांढरट ठिपका दिसला म्हणजे हवा आहे. ओले थर एका बैठकीत तीन-चारच, जास्त दिले तर तापून वाकतं.

रोव्हिंगवर परत एक ३०० ची मॅट, आणि ती ओली असतानाच फोम बसवायचा. रोव्हिंगवर थेट फोम ठेवला तर वीण खडबडीत असल्यामुळे चिकटतो तो टेकाडांवरच, मॅट ते खळगे भरते. फोमही दोन प्रकारचा घ्या: वरच्या कातडीला लागून १० मिलिमीटर जाडीचा घट्ट, घनमीटरला ८० ते १०० किलोचा, आणि त्याच्या आत ४० मिलिमीटरचा हलका, ३५ ते ४० किलोवाला पीयू. घट्ट फोम टाच झेलतो, हलका गारवा धरतो. महाग घट्ट फोम पूर्ण जाडीत घालायची गरज नाही. दोन्हींना आधी रेझिनचा एक पातळ हात द्या कारण उघडी भोकं रेझिन पितात आणि सांधा कोरडा राहतो, आणि दहा-दहा सेंटीमीटरवर बारीक छिद्रं पाडा म्हणजे अडकलेली हवा निघेल. वर वाळूच्या पिशव्या, रात्रभर.

फोम झाकणाच्या कडेपासून दीड-दोन इंच आत ठेवायचा. ही सगळीकडची पट्टी भरीव फायबरची राहते आणि खणाच्या कडेवर टेकते. फोमची बाजू सरळ कापू नका, ४५ अंशात तिरकी कापा, कोपऱ्याच्या खोबणीत रेझिन आणि टाल्कची पुटी भरून बोटाने गोलवा. मग खालची कातडी, ३०० ची मॅट, ४५० ची मॅट, टिश्यू, उतारावरून खाली पट्टीवर आणायची. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन बोटं अलीकडे संपवा. सगळे एकाच रेघेवर संपले तर त्या रेघेवरच भेग येते, हा अनुभव आहे.

कडी आणि बिजागरीच्या जागी फोम आधीच काढून जुन्या फायबरचे तुकडे पुटीत बसवा आणि त्यांच्याही कडा तिरक्या करा. प्लाय नको, बोल्टच्या भोकातून पाणी गेलं की कुजतो.

शेवटचा हात वॅक्स मिसळलेल्या गेलकोटचा, नाहीतर पॉलिएस्टर हवेत चिकटच राहतं आणि मासळीच्या बाजूला ते नको. साच्यातून काढल्यावर वरची बाजू आरशासारखी असेल, आणि ओल्या डेकवर तेच धोक्याचं आहे, म्हणून पायाच्या जागी पॉलिश पेपर मारून रंगात कोरडी बारीक वाळू मिसळून लावा. आठवडाभर उन्हात ठेवा, साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवा, स्टायरिनचा वास पूर्ण गेल्याशिवाय खणावर बसवू नका.

दर महिन्याला एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या झाकणावर टकटक करत जा. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटला असेल तिथे बद्द. तेवढीच जागा खडूने गोल करा, छोटं भोक पाडून पाणी आहे का बघा, पूर्ण सुकवून मग रेझिन भरा.