स्वतंत्र वेब डिझायनरांनो, या चुका टाळा

खानदेशात घरून काम करणाऱ्या वेब डिझायनरकडे येणारी गिऱ्हाइके साधारण ठरलेली असतात. कोणी सराफ, कोणी डाळ मिलवाले, कोणी रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी, एखादे मंगल कार्यालय, एखादा क्लास. त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात: ‘दादा, साइट उघडत नाही’, ‘मेल येणं बंद झालं’, ‘मोबाइलवर अक्षरं तुटतात’. या तक्रारींचे मूळ शोधत गेले तर ते कोडमध्ये क्वचितच सापडते. बहुतेक वेळा काम हाती घेतानाच ठरवायला हवी होती आणि ठरवायची राहून गेली, अशी एखादी गोष्ट त्यामागे असते.

डोमेन कोणाच्या नावावर?

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे गिऱ्हाइकाचे डोमेन (साइटचा पत्ता) आपल्या खात्यातून, आपल्याच ईमेलवर घेणे. ते सोयीचे वाटते, कारण गिऱ्हाइकाला ऑनलाइन खरेदीची सवय नसते आणि ओटीपी विचारायला फोन करावा तर तो नेमका दुकानाच्या गर्दीत असतो. परंतु पुढे नूतनीकरणाची सूचना डिझायनरच्या इनबॉक्समध्ये जाहिरातींच्या ढिगाखाली पडून राहते, किंवा दोघांचे व्यवहारावरून बिनसते, आणि दुकानाचे नाव तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात असल्याचे तेव्हा उघड होते. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली तरी ते लगेच हातचे जात नाही. नोंदणी कंपनीच्या धोरणानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत मिळू शकते, त्यानंतरचे ३० दिवस ते वाढीव शुल्क भरून सोडवता येते, आणि आणखी ५ दिवसांनी ते कोणालाही घेण्यासाठी मोकळे होते. मात्र संकेतस्थळ आणि मेल एवढे दिवस वाट पाहत नाहीत, ते बहुधा सुरुवातीलाच बंद पडतात. हे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर घडले, तर सोन्याच्या खरेदीच्या ऐन दिवसांत सराफाला काय उत्तर द्यायचे, याचा विचार आधीच केलेला बरा. म्हणून खाते गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, बिल त्याच्या नावावर आणि आपल्याकडे केवळ देखभालीचा प्रवेश, असे लेखी ठरवावे.

नवे कोरे डोमेन दोन आठवड्यांतच बंद पडले, तर होस्टिंगवाल्याशी (साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्याच्याशी) वाद घालण्यापूर्वी नोंदणीच्या वेळी दिलेला ईमेल तपासावा. संपर्काची पडताळणी १५ दिवसांत झाली नाही, तर डॉट कॉमसारखे डोमेन स्थगित केले जाते, आणि पडताळणीची ती लिंक अनेकदा स्पॅममध्ये पडलेली असते.

होस्टिंग बदलताना हमखास होणारा घोळ याच्याच शेजारचा आहे. नवीन होस्टिंगवर साइट चढवली जाते, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी सांभाळणारे सर्व्हर) बदलले जातात, साइट सुरेख उघडते आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन येतो की, कालपासून एकही मेल आलेला नाही. नेमसर्व्हर बदलला की जुन्या ठिकाणच्या सर्व नोंदी मागे राहतात, आणि मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा हे सांगणारी एमएक्स नोंद त्यांतच असते. स्थलांतरापूर्वी ए (साइटच्या सर्व्हरचा पत्ता), सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी), एमएक्स आणि टीएक्सटी (पडताळणीसारखा मजकूर) या सर्व नोंदी एका कागदावर उतरवून घ्याव्यात. केवळ साइटच हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात न लावता फक्त ए नोंद बदलावी. बदलाच्या आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल (इतर सर्व्हर जुनी नोंद किती वेळ धरून ठेवतात ती मुदत) ३०० सेकंदांवर आणून ठेवला, तर काही चुकले तरी माघार लवकर घेता येते. ‘बदल इंटरनेटवर पसरायला ४८ तासही लागू शकतात’ हे उत्तर खरे असते, पण पुष्कळदा ते न केलेल्या तपासणीवर पांघरूण घालण्यासाठीच दिले जाते.

इंग्रजी नमुना, मराठी मजकूर

डिझायनरचा मोकळा वेळ बहुधा ड्रिबल आणि बिहान्स या डिझाइनच्या साइटींवरची कामे पाहण्यात जातो. त्यात गैर काही नाही, नजर तयार होण्यास तो मार्ग चांगलाच आहे. अडचण अशी की तिथले नमुने इंग्रजी अक्षरांसाठी, मोठ्या पडद्यासाठी आणि सावलीत बसलेल्या वाचकासाठी आखलेले असतात. फिकट करड्या रंगाची बारीक अक्षरे खोलीत देखणी दिसतात; तेच पान केळीच्या बागेत भर उन्हात उभा असलेला शेतकरी उघडतो, तेव्हा त्याला पांढऱ्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातील रंगभेदाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, हा सुगम्यतेचा मान्य निकष आहे. त्याच्यावर न थांबता आपला फोन घेऊन दुपारी गच्चीवर जावे आणि पान वाचून पाहावे, ही तपासणी कोणत्याही साधनापेक्षा मला अधिक भरवशाची वाटते.

मराठी अक्षरांच्या बाबतीत तर नमुन्यातील मोजमापे जशीच्या तशी चालतच नाहीत. इंग्रजी मथळ्यात शोभणारे लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले जादा अंतर) देवनागरीला लावले की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होऊन बसतो. ते शून्यावरच ठेवावे. वेलांटी आणि मात्रा वर, उकार खाली, त्यामुळे दोन ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागते, लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकत नाही. फॉन्ट निवडताना ‘शेतकऱ्यांसाठी’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲसिड’ हे तीन शब्द लिहून पाहावेत. केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ तुटतो किंवा ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन येतो. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवलेली असेल, तर नोटो सान्ससारखे फॉन्ट मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आपोआप दाखवतात. ही एका ओळीची नोंद विसरली जाते, आणि मग अक्षरे हिंदी वळणाची का दिसतात याचा शोध स्टाइलशीटमध्ये घेतला जातो.

यापेक्षाही अवघड प्रकार म्हणजे छापखान्यातून आलेला मजकूर. गिऱ्हाइक आपल्या जुन्या पत्रकाची फाइल पाठवते, ती श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये असते, आणि साइटवर चिकटवताच तिचा रोमन अक्षरांचा कचरा होतो, कारण त्या फॉन्टमध्ये देवनागरी आकारांच्या मागे रोमन संकेतच बसवलेले असतात. कंटाळून तो मजकूर चित्र म्हणून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्यास तो शोधात नीट सापडत नाही, पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही आणि रोजचा केळीचा भाव बदलायचा तर रोज नवे चित्र करावे लागते. परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर तो ओळ न ओळ वाचावा, कारण रफार आणि जोडाक्षरे हे परिवर्तक हटकून चुकवतात.

लाइव्ह करताना राहून जाणाऱ्या गोष्टी

वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनला मज्जाव करणारी एक चौकट असते. काम चालू असताना तिच्यावर टिकची खूण केलेली असते आणि नंतर तशीच राहते. साइट महिनोन्महिने गूगलवर दिसत नसेल, तर पहिल्यांदा तिथे पाहावे.

संपर्काच्या अर्जातून मेल येत नसेल, तर ‘फ्रॉम’मध्ये कोणाचा पत्ता आहे ते तपासावे. भेट देणाऱ्याचा जीमेल पत्ता तिथे घातला, तर तो मेल बनावट समजून अडवला जाण्याची शक्यता मोठी असते. ‘फ्रॉम’मध्ये आपल्या डोमेनचा पत्ता, ‘रिप्लाय-टू’मध्ये त्या माणसाचा, आणि डोमेनवर एसपीएफ व डीकेआयएमच्या (मेल खरोखर त्याच डोमेनचा असल्याचे पटवणाऱ्या) नोंदी, अशी रचना हवी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल यांपैकी किमान एका नोंदीची अपेक्षा प्रत्येक पाठवणाऱ्याकडून करते.

फोनवरून काढलेली कित्येक मेगाबाइटची छायाचित्रे तशीच चढवू नयेत. १६०० पिक्सेल रुंदी आणि वेबपी हा फाइलप्रकार दुकानाच्या फोटोंना पुरतो. परवाना तोडून फुकटात वाटलेल्या ‘नल्ड’ थीमबद्दल (थीम म्हणजे साइटचा तयार साचा) एवढेच सांगणे पुरे की, त्यांत दडवलेले कोड काढण्याचा खर्च मूळ थीमच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

उन्हाळा आणि यंत्र

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. ॲपलसारखी कंपनी आपल्या लॅपटॉपसाठी १० ते ३५ अंश ही सभोवतालच्या तापमानाची मर्यादा सांगते, म्हणजे पत्र्याखालच्या खोलीत दुपारभर यंत्र मर्यादेबाहेरच चालते. ते मंदावले की नवीन रॅम घेण्याची घाई होते. वास्तविक तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करत असतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नये, कूलरचा दमट झोत थेट त्याच्यावर घेऊ नये, आणि जड कामे पहाटे उरकावीत. वीज जाण्याच्या वेळेत चालू साइटवर अपडेट चढवणे तर टाळावेच. अर्धवट चढलेल्या प्लगिनमुळे (साइटला जोडलेल्या छोट्या प्रोग्राममुळे) साइट कोरी पांढरी दिसू लागते. तसे झालेच, तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइलींपर्यंत नेणाऱ्या साधनाने) त्या प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदलावे, म्हणजे ते बंद पडते आणि साइट बहुधा परत उघडते.

परगावचे काम, अनोळखी गिऱ्हाइक

ऑनलाइन मिळणाऱ्या कामांत एक जुना सापळा अजूनही चालतो. परदेशातील गिऱ्हाइक भाव न करता मोठी रक्कम मान्य करते आणि सांगते की, मजकूर व लोगो आमच्या सल्लागाराकडे आहेत, तो कार्ड घेत नाही, तेव्हा तुम्ही आमच्या कार्डावरून जास्तीची रक्कम घ्या आणि त्यातून त्याचे पैसे भागवा. कार्ड चोरीचे असते. काही दिवसांनी मूळ रक्कम बँक परत घेते आणि सल्लागाराला पाठवलेले पैसे डिझायनरच्या खिशातून गेलेले असतात. दुसऱ्याला द्यायचे पैसे आपल्या खात्यातून फिरवण्यास सरळ नकार द्यावा. कामाची माहिती म्हणून आलेली झिप फाइल उघडल्यावर आत एक्सई (चालवता येणारा प्रोग्राम) निघाली, तर ती चालवू नये. यूपीआयवर ॲडव्हान्स ‘घेण्यासाठी’ कोणी पिन टाकायला सांगितला, तर संभाषण तिथेच संपवावे, कारण पैसे येण्यासाठी पिन लागत नाही. पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.