ट्विन टर्बो बसवताय? आधी तेलाचा उतार बघा
१९६७ च्या फोर्ड मस्टँगमध्ये सस्पेन्शनचे शॉक टॉवर (शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक धरणारे पत्र्याचे उंचवटे) व्ही-८ इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी अगदी अंगावर येतात, म्हणून दोन्ही टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) बहुधा पुढे, रेडिएटरजवळ सरकवावे लागतात. वेल्डिंगआधी टर्बोचे रिकामे सांगाडे तारेने टांगा आणि बॉनेट लावून बघा. खरी मेख तेलाच्या परतीच्या पाइपात आहे. टर्बोतलं तेल निव्वळ उताराने खाली येतं, त्यामुळे पाइप जाड हवा, मध्ये कुठे पोट नको आणि खालचं तोंड ऑइल पॅनमधल्या (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या) तेलाच्या पातळीच्या वर हवं. नाहीतर तेल तुंबतं, सील गळतात, सायलेन्सरमधून निळा धूर. आणि हो, ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन रबरी माउंटवर (ड्रायव्हरच्या सीटवरून बघता) डावीकडून उचलतं. तिथे बोटभर जागा सोडाच.