कल्पित साम्राज्य बुडवताना या चुका टाळा

गेली नऊ वर्षं दर रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या घरी अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिणारी पोरं-पोरी जमतात. कुणाच्या जगात तीन चंद्र असतात, कुणाच्या जगात बोलणारे डोंगर. पण मध्यावर कुठंतरी एक साम्राज्य कोसळतंच, आणि दर वेळी ते त्याच चुकांनी कोसळतं. सारखं तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

पहिली चूक, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावरच आहे: एका रात्रीत साम्राज्य पाडणं. रणांगणावर सम्राट पडला, राजधानी पेटली आणि पुढच्या प्रकरणात सगळीकडं अंधारयुग. असं का, म्हणून विचारलं की पोरं हटकून विजयनगर पुढं करतात. अरे, १५६५ च्या लढाईनंतर राजधानी हंपी लुटली गेली हे खरं, पण राज्य संपलं नाही. अरविदू घराण्यानं पेनुकोंड्याहून, मग चंद्रगिरीहून कारभार चालवला, पुढं कित्येक दशकं.

पडझड कशी होते ते बघायचं असेल तर बहामनी राज्य वाचा. आपल्या विशाळगडाचा, म्हणजे तेव्हाच्या खेळण्याचा, पाडाव करणारा वजीर महमूद गावान. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार केलं आणि १४८१ मध्ये सुलतानानं त्याचं डोकं उडवलं. त्या दिवशी ना राजधानी जळली ना कुणी बंड केलं. झालं ते एवढंच, की मोठे सरदार सुलतानाच्या छावणीपासून लांब तंबू ठोकायला लागले. मला विचाराल तर साम्राज्य तिथंच संपलं, त्या दोन छावण्यांमधल्या मोकळ्या माळावर. पुढं १४९० च्या सुमारास विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड सुटे झाले, मग गोवळकोंडा. बीदरला मात्र बरीद घराण्याचे कारभारी आणि गादीवर नावाचा सुलतान, असं १५२७ पर्यंत चाललं. शेहेचाळीस वर्षं! गावानच्या मृत्यूवेळी पाळण्यात असलेलं पोर तोवर आजोबा झालं असेल.

यावर माझी सवय सांगते. साम्राज्य बुडवायचं ठरलं की मी एका कुटुंबाच्या तीन पिढ्या कागदावर मांडते. आजीनं फर्मान बघितलं की ती उठून उभी राहायची. मुलगा बसूनच वाचतो. नात त्याच कागदात पुडी बांधते. लढाई कुठल्या पिढीत घालायची ते मग ठरवते.

काही चुकांना एकेक ओळ पुरे. सम्राट मूर्ख दाखवू नका, हुशार माणसाच्या हातून बुडणारं राज्य जास्त छळतं. भाकीत खरं ठरलं म्हणून साम्राज्य पडलं, हे कारण होत नाही. राजवट बदलली की दुसऱ्या दिवशी सगळे नवी भाषा बोलत नाहीत, जमाखर्च जुन्याच भाषेत चालू राहतो. पळून गेलेली माणसं कुठंतरी पोचतात आणि तिथल्या विहिरीवर भांडणं होतात, ती लिहा. नकाशा आधी रंगवत बसू नका.

दुसरी मोठी चूक धान्याची. गडहिंग्लजचा एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. पावणेचारशे पानांची कादंबरी घेऊन आला. भाषा इतकी देखणी की मला हेवा वाटला. शेवटी डोंगरी किल्ल्यात चाळीस हजार सैनिक, बाहेर शत्रू, वेढा दोन वर्षांचा. मी विचारलं, "खातात काय रे?"

"मॅडम, जादूचं कोठार हाय की."

"मग वेढा कशाला घातलाय शत्रूनं?"

तो गप्प. पुढच्या रविवारी त्याला घेऊन पन्हाळ्याला गेले. सरळ अंबरखान्यात, गंगा कोठीत. तिथं वरच्या कमानीत चौकोनी झरोके आहेत, धान्य वरून ओतायचे. त्यातल्या एकाखाली त्याला उभं केलं. आत गारवा, वटवाघळांचा वास आणि त्याच्या डोक्यावर तेवढा एक उजेडाचा तुकडा. या एका कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. तिथंच पायरीवर बसून हिशेब मांडला. माणशी पाऊण किलो धरलं तर चाळीस हजारांना रोज ३० टन. म्हणजे दहा टनी तीन ट्रक, रोज. दोन वर्षांचे झाले जवळजवळ २२ हजार टन, आणि त्यात घोडे, बैल, सरपण धरलेलंच नाही. याच गडाला १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा चौथ्या-पाचव्या महिन्यातच महाराजांना भर पावसात विशाळगड गाठावा लागला.

मग त्याला देवगिरीचं सांगितलं. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन अचानक आला, घाईघाईत धान्याची म्हणून जी पोती किल्ल्यावर चढवली ती मिठाची निघाली. रामचंद्रदेव यादवाला तह करावा लागला. एवढ्या श्रीमंत राज्याची मान पोत्यांनी वाकवली.

पोरगं परतीच्या बसमध्ये बोललं नाही. दोन महिन्यांनी नवीन प्रकरण आणलं. एक म्हातारा कोठारी रात्री दिवटी घेऊन कोठीत उतरतो, काठी खुपसून ढिगाची खोली बघतो, आणि वहीत कालचाच आकडा लिहितो. जादू त्यानं ठेवली आहे, पण ती आता किल्ल्यात कुणाला परवडत नाही. त्या चार पानांवर मी लाल पेन लावलं नाही.

पगाराचंही तेच. फौज निष्ठेवर लढते असं लिहून मोकळं होणं हा आळस आहे. रोमच्या चांदीच्या नाण्यात सुरुवातीला जवळजवळ शुद्ध चांदी होती, तिसऱ्या शतकात ती वरच्या मुलाम्यापुरती उरली. शिपायाला ते हातात घेताच कळतं. मी प्रत्येक जगासाठी लाल कापडी बांधणीची वही करते आणि दर वर्षासमोर तीनच गोष्टी लिहिते: ज्वारीचा भाव, मिठाचा भाव, शिपायाचा पगार. नवी मुलं म्हणतात, एवढं कोण वाचणार? कुणीच नाही. ते वाचकासाठी नसतंच. भाव-पगारांचे तयार तक्ते उतरवून घेणाऱ्यांचं जग तिसऱ्या प्रकरणात पोकळ वाजायला लागतं, हे मी बघत आले आहे.

शेवटची चूक म्हणजे सगळं बुरुजावरून दाखवणं. ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद. आमच्या गल्लीत थेंब शिरला नव्हता. आम्हाला काय दिसलं? दूधवाला आला नाही. पेट्रोलची रांग चौकापर्यंत गेली. आणि शहराभोवती पाणीच पाणी असताना नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. शेजारच्या काकू रोज पहाटे नळ सोडायच्या, खालच्या बादलीकडं बघत उभ्या राहायच्या, मग बंद करायच्या. तुमच्या राजधानीतही अशी एक बाई असेल. किल्ल्याची भिंत फुटायच्या आधीचं प्रकरण तिच्या घरात लिहा.