कंट्रोल टॉवर नसलेल्या एअरफील्डवर दोन रनवे क्रॉस होत असतील तर काय करायचं

माझं मत आधीच सांगतो, क्रॉस होणारे रनवे एकाच वेळी वापरायचेच नाहीत. दुसरं विमान इंटरसेक्शन (रनवे एकमेकांना छेदतात ती जागा) पार करून गेलेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की मगच आपण निघायचं.

टॅक्सी करायच्या (विमान जमिनीवरून रनवेकडे न्यायच्या) आधीपासून एअरफील्डची रेडिओ फ्रिक्वेन्सी ऐकत राहा आणि कोण कुठला रनवे वापरतंय ते कागदावर लिहून ठेवा. वारा शांत असेल तर जास्तच सावध, कारण तेव्हा ज्याला जो सोयीचा तो रनवे घेतो. बाकीचे सगळे एकाच रनवेवर असतील आणि क्रॉसविंड (आडवा वारा) झेपण्याइतका असेल तर तुम्हीही तोच घ्या, टॅक्सीची दोन मिनिटं वाचवायला दुसरा घेऊ नका.

कॉल देताना एअरफील्डचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये विमानाचा प्रकार, रनवे नंबर आणि काय करणार ते. पण रेडिओवर शांतता म्हणजे रनवे मोकळा असं अजिबात धरू नका, अमेरिकेत अशा बऱ्याच फील्डवर रेडिओची सक्तीच नाही, आणि असला तरी समोरचा ऐकतोय याची काय खात्री?

१९ नोव्हेंबर १९९६ ला इलिनॉयमधल्या क्विन्सीला हेच झालं. बीच १९०० जातीचं प्रवासी विमान रनवे १३ वर उतरत होतं आणि त्याला क्रॉस होणाऱ्या रनवे ०४ वर एक किंग एअर विमान उभं होतं. बीचच्या क्रूने विचारलं की तुम्ही थांबताय का टेकऑफ करताय, उत्तर दिलं किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी विमानाच्या पायलटने, तेही कॉकपिटमधल्या वॉर्निंगच्या आवाजात अर्धवट ऐकू आलं आणि क्रूला वाटलं किंग एअरच थांबतंय. ते थांबलं नव्हतं. इंटरसेक्शनवर धडक झाली, दोन्ही विमानांतले मिळून १४ जण गेले.

म्हणून उत्तर नक्की कोणाचं आहे हे कळल्याशिवाय ते धरू नका, कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन परत विचारा, तरी शंका राहिली तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जायचं. टेकऑफला रनवेवर जाऊन उभं राहू नका, होल्ड शॉर्टलाच (रनवेच्या आधी थांबायच्या जागी) विमान थोडं फिरवून दोन्ही रनवेंचे फायनल (उतरायच्या आधीचा सरळ मार्ग) आणि इंटरसेक्शन बघा. झाडं किंवा हँगर आड येत असतील तर मोकळं दिसेपर्यंत थांबा. ६० नॉट म्हणजे सेकंदाला साधारण ३० मीटर, ६०० मीटरवरचं इंटरसेक्शन फार लांब नसतं.

'मी इंटरसेक्शनच्या आधी थांबतो, तू जा' असली तोंडी बोली नको, विमान फ्लोट झालं (न टेकता रनवेवर तरंगत पुढे गेलं) किंवा ब्रेक नीट लागले नाहीत की ती संपली. उतरणाऱ्याचा हक्क पहिला हा नियम बरोबर आहे, पण दुसऱ्याने तुम्हाला पाहिलंच नसेल तर तो कामाचा नाही. आणि दोघंही फायनलवर असाल तर कोण मागे हटणार हे खाली येण्याआधीच ठरवा, कारण शेवटच्या क्षणी दोघांनी गो-अराउंड केलं तर दोघं त्याच इंटरसेक्शनवर हवेत समोरासमोर येऊ शकतात.